इशारा आणि पंचनामा

पर्यावरणाच्या कायद्यांची आपल्या देशात वाण आहे असे कोणी म्हणू लागला, तर त्याला जिल्हा न्यायालयाच्या ग्रंथालयातील एका कपाटासमोर नेऊन उभे करावे. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा, १९८१ चा वायुप्रदूषणाचा, भोपाळच्या दुर्घटनेनंतर दीड वर्षाच्या आत संमत झालेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, त्यांच्या आगेमागे वनांचे, वन्य प्राण्यांचे, गौण खनिजांचे व भूजलाचे कायदे, २०१० चा हरित न्यायाधिकरणाचा कायदा, आणि या सर्वांवर वर्षागणिक चढत गेलेली अधिसूचनांची पुटे, एवढा ऐवज पाहिल्यावर त्याची शंका आपोआप मिटेल. उणीव आहे ती निराळ्याच ठिकाणी. दिल्लीत किंवा मुंबईत निघालेला हुकूम काटोल तहसिलीतल्या एखाद्या गावच्या शिवारात उतरतो तेव्हा त्याचे बहुतेक ओझे अखेर एकाच माणसाच्या खांद्यावर येते, आणि तो माणूस म्हणजे पटवारी. उर्वरित महाराष्ट्र त्याला तलाठी म्हणतो, शासनाने अलीकडे त्याचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी असे केले आहे, पण नागपूरकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी पटवारी हेच नाव आहे. सातबाऱ्याचे फेरफार, पीकपाहणी, गारपिटीचे पंचनामे, निवडणुकीची यादी, उत्पन्नाचे दाखले आणि जमीन महसुलाची वसुली ही सारी कामे सांभाळून, जाम नदीच्या पात्रातली रेती कोण उचलतो, टेकडीचा मुरूम कोण कोरतो, ओढ्याकाठी वीटभट्टी कोणी लावली, यांवरही त्याने लक्ष ठेवावे अशी अपेक्षा असते. एका सजात गावे अनेक, आणि रेतीचे टिप्पर निघतात ते बहुधा रात्री.

या विषम सामन्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश झाला आहे, आणि काटोलच्या बाबतीत गंमत अशी की, ही बुद्धी ज्या संस्थांच्या आश्रयाने वाढू शकते त्यांपैकी अनेक संस्था येथून साठेक किलोमीटरांवर, रेल्वेने तासाभराच्या अंतरावर, नागपुरातच आहेत. देशातील खाणींवर देखरेख ठेवणाऱ्या, १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात आहे. १९५८ पासून पाणी आणि हवा तपासत आलेली नीरी ही राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे. उपग्रहांच्या चित्रांवरून राज्याचे नकाशे करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून नागपुरात आहे. आणि कायद्याच्या अंमलबजावणीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी या हेतूने राज्य शासनाने २०२४ मध्ये मार्व्हेल नावाची जी कंपनी काढली, तिचेही ठाणे नागपूरच. काटोलचे पोलीस ठाणे ज्या नागपूर ग्रामीण दलात मोडते त्याच दलाच्या अधीक्षकांकडे या कंपनीचे मुख्य कार्यकारी पद सोपविण्यात आले होते. म्हणजे आकाशातील डोळ्याचे चित्र वाचणारे लोक आणि ज्याच्या हाती मोजणीची टेप आहे तो पटवारी, हे एकाच जिल्ह्याचे रहिवासी आहेत. त्यांची गाठ कोठे पडते आणि कोठे पडत नाही, हे पाहणे हाच या प्रकरणाचा हेतू आहे.

प्रथम हे यंत्र पाहते कसे, ते पाहू. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल मालिकेतील दोन उपग्रह दर पाच दिवसांनी एकदा, सकाळी साडेदहाच्या सुमारास, आपल्या डोक्यावरून जातात आणि दहा मीटर लांब-रुंद अशा चौकोनांत भूमीचे चित्र टिपतात. त्या प्रत्येक चौकोनातून परतलेला प्रकाश ते अनेक पट्ट्यांत विभागून मोजतात, आणि त्यांतील काही पट्टे मानवी डोळ्याला दिसतच नाहीत. हिरवे पान अवरक्त प्रकाश भरपूर परतवते, ओली माती तो शोषून घेते, उघडा मुरूम पिवळट तेजाने चमकतो. माणसांनी आधी हजारो चित्रांवर ही खाण, हे शेत, ही भट्टी, हे पात्र अशा खुणा करून ठेवायच्या, आणि संगणकाने त्या खुणांतून साम्याचा अंदाज बांधून उरलेल्या लक्षावधी चौकोनांना आपापली नावे द्यायची, अशी ही रीत आहे. यंत्राला साम्य कळते, कायदा कळत नाही. परवाना कोणाच्या नावे आहे, मुदत कधी संपली, हद्दीची खूण कोठे आहे, हे त्याला कोणीतरी शेजारी ठेवलेल्या नकाशावरून सांगावे लागते.

या रीतीचा आपल्याकडील एक ठळक सरकारी प्रयोग म्हणजे ऑक्टोबर २०१६ मध्ये खाण मंत्रालयाने खाण ब्यूरो आणि गांधीनगरच्या भास्कराचार्य संस्थेच्या साहाय्याने सुरू केलेली खाण देखरेख प्रणाली. परवानगी मिळालेल्या प्रमुख खनिजांच्या खाणींच्या हद्दीबाहेर पाचशे मीटरांचा पट्टा आखायचा, त्या पट्ट्यात काही संशयास्पद उकरल्यासारखे दिसले की इशारा काढायचा, आणि तो तपासण्यासाठी संबंधित राज्याच्या अधिकाऱ्याकडे धाडायचा, असा तिचा शिरस्ता आहे. पहिल्या फेरीत देशभरातून २९६ इशारे निघाले. अधिकारी प्रत्यक्ष जागेवर गेले तेव्हा त्यांपैकी साधारण सहावा हिस्साच अनधिकृत उत्खननाचा ठरला. यावरून प्रणाली फसली असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल, कारण ती नसती तर हा सहावा हिस्साही कोणाच्या दृष्टीस पडला नसता. परंतु उरलेल्या पाच हिश्श्यांची पाहणी करण्यासाठीही कोणाला तरी उन्हातून जावे लागले होते, ही गोष्ट हिशेबात धरली पाहिजे. २२ मे २०१२ च्या दुपारी काटोलच्या परिसरात उल्कापाषाणांचा वर्षाव झाला तेव्हाही आकाशातले तेज कितीतरी दूरवरून दिसले होते. दगड मात्र शेताशेतांतून हिंडून गोळा करावे लागले.

इशाऱ्यापासून पंचनाम्यापर्यंतचा मार्ग किती निसरडा आहे, हे मुरमाच्या एका खड्ड्यावरून ध्यानात येईल. काटोलचा प्रदेश काळ्या पाषाणाचा, दख्खनच्या लाव्हाचा. त्यावर काळ्या मातीचा थर, आणि दोहोंच्या मध्ये झिजलेल्या खडकाचा मुरूम. रस्त्याचे काम निघाले, घराचे जोते भरायचे झाले, की हा मुरूम हवा. समजा, यंत्राने एका गटात नवा पिवळा डाग पाहिला. तो चोरट्या खाणीचा असेल, अथवा २०१६ पासून शासनानेच चालविलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील शेततळ्याचाही असेल. जलयुक्त शिवाराच्या कामात नाला रुंद केला असेल, किंवा तलावातला गाळ काढून शेतात पसरला असेल. आकाशातून ही सारी उघडी माती एकसारखीच दिसते. मग पटवारी जागेवर जातो, दोन पंच बोलावतो, गट नंबर व चतुःसीमा लिहितो, खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली टेपने मोजतो आणि ब्रास काढतो. शंभर घनफुटांचा एक ब्रास. साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद आणि दहा फूट खोल खड्डा म्हणजे दोनशे चाळीस ब्रास. परंतु खड्ड्याचा तळ कधी सपाट नसतो, आणि खोली अर्ध्या फुटाने जरी इकडेतिकडे झाली तरी बारा ब्रासांचा फरक पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) प्रमाणे दंड आकारायचा तो बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत, तेव्हा अर्धा फूट ही अपिलात लढण्याजोगी गोष्ट ठरते. येथे ड्रोनची मदत खरोखर मोलाची आहे. शेकडो छायाचित्रांतून तो खड्ड्याचा उंचसखलपणा बोटाबोटाने टिपतो आणि आयतन काढून देतो. त्या आकड्यावर कोणा पंचाच्या चहापाण्याचा परिणाम होत नाही.

पण मला विचाराल तर यंत्राची खरी देणगी मोजमाप ही नव्हे. मोजमाप माणूसही करू शकतो, थोडे ओबडधोबड का होईना. माणसाला जे कदापि करता येत नाही ते म्हणजे मागे जाऊन पाहणे. पकडला गेलेला इसम आपल्या जबाबात बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतो की, खड्डा जुना आहे, मी जमीन घेतली तेव्हाच तो होता, मी फक्त कडेचे चार टोपले काढले. पंचनाम्यात खड्डा आज केवढा आहे हे लिहिता येते, कधी खोदला हे लिहिता येत नाही. उपग्रहांच्या दप्तरात मात्र २०१५ पासून दर थोड्या दिवसांचे आणि अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेमुळे त्यापूर्वीच्या काही दशकांचे चित्र साठवलेले आहे. संगणक ती शेकडो चित्रे क्षणार्धात चाळतो आणि अमुक पंधरवड्यापर्यंत येथे गवत होते, त्यानंतर नव्हते, असे सांगतो. महसुली खटल्यात तारीख हाती आली की अर्धा वाद मिटतो. नदीच्या रेतीला मात्र हा उपाय तितकासा लागू पडत नाही, कारण उन्हाळ्यात पात्रात पडलेला खड्डा मृगाच्या पहिल्या पुराबरोबर भरून जातो आणि पावसाळ्याचे चार महिने ढगांच्या पडद्याआड जातात. ढगांतून पाहणारे रडार आहे. जुलै २०२५ मध्ये भारत आणि अमेरिका यांनी मिळून सोडलेला निसार उपग्रह त्यासाठीच आहे. तथापि दर बारा दिवसांनी एक फेरी घालणाऱ्या रडारापेक्षा टिप्पर चपळ असतो.

आता काटोलच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू. हा संत्र्याचा मुलूख आहे. काटोल, नरखेड आणि वर्धा नदीपलीकडचे वरूड, मोर्शी, या पट्ट्यात संत्र्याने दोन पिढ्यांना हात दिला आणि त्याच संत्र्याने जमिनीखालचे पाणी उपसून काढले. विहिरी आटल्या म्हणून बोअर आले, बोअर आटले म्हणून आणखी खोल बोअर आले, आणि आज आठशे-हजार फुटांच्या गोष्टी पारावर सहजपणे ऐकू येतात. कायद्याचे म्हणणे पाहावे तर, १९९३ च्या अधिनियमाने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरांच्या आत नव्या विहिरीला आडकाठी केली, आणि पुढे २००९ च्या भूजल अधिनियमाने साठ मीटरांहून अधिक खोल असेल ती खोल विहीर अशी व्याख्या करून तिच्यावर निर्बंध घातले. साठ मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. दोनशे आणि हजार यांमधले आठशे फूट हीच या कायद्याच्या अंमलबजावणीची खरी कहाणी आहे.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत. त्या नोंदी उत्तम आहेत, पण विरळ आहेत. म्हणून उपग्रहांकडे धाव घ्यावी, तर तेथेही एक मौजेची अडचण उभी राहते. २००२ साली सोडलेल्या ग्रेस नावाच्या जोडउपग्रहाने गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकावरून वायव्य भारतातील भूजलाची तूट शोधली आणि २००२ ते २००८ या सहा वर्षांत तेथून १०९ घनकिलोमीटर पाणी गेल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. शोध अचाट होता. परंतु त्या यंत्राला शेकडो किलोमीटरांचा प्रदेश एका ठिपक्यासारखा दिसतो, एवढ्या ठिपक्यात काटोल तहसील कोठल्या कोठे हरवून जाते. उलट, पिकाने किती पाणी हवेत सोडले हे पानांच्या तापमानावरून काढता येते, कारण पाणी पिणारे झाड थंड असते. त्यासाठीचा लँडसॅटचा उष्णतामापक शंभर मीटरांचा चौकोन पाहतो. शंभर मीटरांचा चौकोन म्हणजे अडीच एकर, आणि अडीच एकरांत आमच्याकडे कधी कधी तीन भावांच्या वाटण्या बसतात. त्यांपैकी एकाचा बोअर, दुसऱ्याची जुनी विहीर आणि तिसऱ्याची कोरडवाहू कपाशी, तिन्हींची सरासरी यंत्र काढते.

तरीही कोणी म्हणेल की, मे महिन्यात ज्या बागा हिरव्या दिसतात तेवढ्या शोधा, तेथे बोअर असणारच. हा तर्क दिल्लीत बसून सुचण्याजोगा आहे. संत्र्याला दोन बहार असतात. आंबिया बहार घेणारा शेतकरी डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडतो, झाडाला ताण देतो, जानेवारीत ताण मोडून पाणी सोडतो, मग फुले येतात आणि ऐन उन्हाळ्यात लिंबाएवढी फळे झाडावर असताना त्याला पाणी द्यावेच लागते. मृग बहार घेणारा शेतकरी याच्या नेमके उलट करतो. एप्रिल-मेमध्ये तो मुद्दाम पाणी बंद ठेवतो, पाने मरगळतात, गळतात, आणि पावसाबरोबर झाड फुलते. म्हणजे मे महिन्याच्या चित्रात करपलेली दिसणारी बाग हजार फुटांच्या बोअरवाल्याची असू शकते आणि हिरवी दिसणारी बाग कायदेशीर विहिरीवर, ठिबकने, जेमतेम पाण्यावर जगवलेली असू शकते. ज्याने यंत्राला शिकवले त्याला जर बहार ठाऊक नसतील, तर यंत्र संयमी शेतकऱ्याला चोर ठरवील आणि उधळ्याला सोडून देईल. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र काटोलातच आहे. अशा यंत्राची शिकवणी त्याच्या आवारात व्हावयास हवी, कोणा महानगरातल्या काचेच्या इमारतीत नव्हे. आणि एवढे करूनही बोअरची खोली आकाशातून दिसत नाही ती नाहीच. ती ज्याला ठाऊक असते तो बोअर मारणारा गाडीवाला. त्याच्या गाडीवर जागा दाखवणारे उपकरण बसवणे आणि छिद्र किती तास चालले याची नोंद ठेवणे, हा उपाय उपग्रहाहून स्वस्त आणि कदाचित अधिक परिणामकारक आहे.

वणव्यांच्या बाबतीत यंत्राची कामगिरी याहून सरळ आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये उंचावर बसवलेला कॅमेरा चहूकडे पंधरा किलोमीटरांपर्यंत धूर शोधतो आणि तीनेक मिनिटांत वनरक्षकाला खबर देतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीचे ठिकाण मोबाइलवर कळवते. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवण्याची चाल विदर्भातल्या जंगलांत जुनी आहे आणि १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. पण आग विझवणे आणि आग लावणारा शोधणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि यंत्र पहिल्या कामाला जितके उपयोगी पडते तितके दुसऱ्याला पडत नाही. शिवाय ज्याच्यावर नजर ठेवली जाते तो माणूसही विचार करतो. पंजाबात शेतातला पेंढा जाळणाऱ्यांवर लक्ष ठेवणारे उपग्रह दुपारी दीडच्या आसपास माथ्यावरून जातात हे जसे लोकांना उमगले, तशा आगी दुपार कलल्यावर लागू लागल्या. आकड्यांत आगी घटल्या आणि हवेत धूर मात्र तेवढाच राहिला. नासातील शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या, एकाच जागी स्थिर राहून अखंड पाहणाऱ्या उपग्रहाच्या चित्रांवरून ही चलाखी दाखवून दिली.

इशारा खरा निघाला, पटवारी गेला, खड्डा सापडला. एवढ्याने कायद्याचे समाधान होत नाही. कायद्याला पुरावा हवा, आणि पुरावा कसा गोळा करावा याचे त्याचे सोवळे फार कडक आहे. १९७४ च्या जल कायद्याचे कलम २१ वाचावे. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर तशी नोटीस भोगवटादाराला द्यायची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही भांडी मोहोरबंद करून उभयतांनी सह्या करायच्या, आणि मगच ते प्रयोगशाळेकडे पाठवायचे. यात कसूर झाली तर पृथक्करणाचा अहवाल न्यायालयात ग्राह्य नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा सतरा प्रकारच्या उद्योगांना नाल्यावर आणि धुरांड्यावर अखंड मोजणारी यंत्रे बसवावयास सांगितले. त्या यंत्रांतून दर काही मिनिटांनी आकडे येत राहतात. परंतु ज्या आकड्यामागे लाख आणि सही असलेली बाटली नाही तो खटल्यात कितपत उभा राहील, हा प्रश्न त्या दिवसापासून यंत्राच्या मागे लागलेला आहे. आकड्यांत काही विपरीत दिसले की अधिकाऱ्याने बाटली घेऊन जायचे, असाच त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

संगणकातील दस्तऐवजांची गोष्ट अशीच आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये निकाल दिला की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना विहित प्रमाणपत्र जोडणे अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने तो दंडक अधिकच काटेकोर केला. प्रमाणपत्रात आता त्या फायलीचा अंकरूपी ठसा लिहावा लागतो, म्हणजे चित्रातला एक बिंदू जरी कोणी बदलला तरी ठसा बदलतो आणि लबाडी उघडी पडते. काटोलकरांना याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नसावी. काटोल म्हणजे जैमिनी अश्वमेधातले कुंतलपूर, चंद्रहासाची नगरी, अशी येथील परंपरागत समजूत आहे. प्रधान धृष्टबुद्धीने आपल्या पुत्राला लिहिलेल्या पत्रात, हा पत्रवाहक येताच त्यास विष द्यावे, अशी आज्ञा होती. वाटेतल्या उपवनात निजलेल्या चंद्रहासाजवळचे ते पत्र प्रधानकन्या विषया हिने वाचले, काजळाने एक अक्षर वाढवले आणि विषाच्या जागी स्वतःचे नाव आणून त्याच्याशी लग्न लावून घेतले. कथेत न्याय झाला खरा. पण दप्तराच्या दृष्टीने पाहिले तर प्रधानाच्या आज्ञेत खाडाखोड झाली होती आणि ती कोणाच्याही लक्षात आली नाही.

ज्या तपासात यंत्राने अलीकडे जिल्ह्याला चकित केले तो पर्यावरणाचा नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर-जबलपूर रस्त्यावर देवलापारच्या हद्दीत एका ट्रकने दुचाकीला धडक देऊन पळ काढला, एका स्त्रीचा मृत्यू झाला, आणि तिच्या पतीला ट्रकवरील लाल खुणांपलीकडे काही आठवत नव्हते. नागपूर ग्रामीण पोलिसांनी मार्व्हेलच्या साहाय्याने टोलनाक्यांवरील चित्रणे संगणकाकडून चाळून घेतली आणि छत्तीस तासांच्या आत ट्रक शोधून काढला. जी रीत एका लाल खुणेवरून ट्रक शोधते तिला वाहतूक परवान्यावाचून धावणारा रेतीचा टिप्पर शोधणे अवघड नाही. शासनाच्या महाखनिज या व्यवस्थेत परवाने आणि वाहनांची स्थाने आधीपासूनच नोंदलेली असतात, फक्त ती नाक्यावरच्या चित्रांशी ताडून पाहायची. पण येथे मला एक भय वाटते, आणि ते बोलून दाखवणे बरे. नाक्यावर सापडतो तो चालक. फार तर ट्रॅक्टरचा मालक, ज्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला असतो. घाट कोणी चालवला, रेती कोणाच्या इमारतीत गेली, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ज्यांना पकडणे सोपे त्यांनाच यंत्र अधिक पकडील, आणि पकडलेल्यांच्या नोंदींवरच पुढचे यंत्र शिकेल.

कोणाकडे पाहावे हे ठरवण्यात यंत्राची मदत किती होते, याचा एक हिशेब स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडला. अमेरिकेच्या जलकायद्याखालील तपासण्या यंत्राने सुचवलेल्या ठिकाणी केल्या असत्या तर तेवढ्याच माणसांकरवी सातपटीहून अधिक उल्लंघने हाती लागली असती, असे त्यांचे गणित होते. बांगलादेशात उपग्रहचित्रांतून वीटभट्ट्या शोधल्या तेव्हा तीन-चतुर्थांशांहून अधिक भट्ट्या शाळांपासून एक किलोमीटरच्या आत, म्हणजे तेथील कायद्याच्या विरुद्ध, असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. भट्टी ही काही लपवण्याची वस्तू नाही; रोज त्या वाटेने शाळेत जाणाऱ्या मुलांना ती ठाऊकच होती.

हवामानाच्या कायद्याचे म्हणाल तर आपल्याकडे तो अद्याप सुट्या तुकड्यांत आहे. माळढोकाच्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेत वाचला. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन सुधारणेने आणि २०२३ च्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेने उद्योगांच्या उत्सर्जनाला मोजमापाची चौकट घातली. कोराडीच्या शीतमनोऱ्यांतून निघणारी वाफ काटोल रस्त्यावरूनही लांबून दिसते. क्लायमेट ट्रेस नावाच्या आंतरराष्ट्रीय मंडळीने अशाच वाफेच्या लोटांवरून वीजकेंद्र किती चालले याचा अंदाज यंत्राकडून काढण्याची युक्ती केली आहे, आणि उद्योगाने स्वतः भरलेल्या आकड्यांची अशी आडून पडताळणी होणे इष्टच आहे. मात्र नियमच सैल झाला तर पडताळणी कशाशी करायची? डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांच्या गंधकवायूवर मर्यादा घातली गेली, तिची मुदत वारंवार वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधक धुण्याच्या यंत्रणेतून सूटच मिळाली. अशा ठिकाणी उपग्रह कितीही तीक्ष्ण असला तरी त्याला पाहण्याजोगा गुन्हाच उरत नाही.

मग तहसील कचेरीत करावे काय? माझ्या मते सर्वांत निकडीची वस्तू अगदी जुनाट आहे, आणि ती म्हणजे आवक नोंदवही. आज इशारा येतो तो कोणा अधिकाऱ्याच्या पडद्यावर किंवा फोनवर, आणि तेथेच त्याचे आयुष्य संपू शकते; तो आला होता हे गावाला कळत नाही, त्यावर कोणी गेला नाही हेही कळत नाही. प्रत्येक इशाऱ्याला अनुक्रमांक द्यावा. तो कोणत्या गटाचा, कोणत्या तारखेचा, स्थळपाहणीस कोण केव्हा गेला, काय आढळले, आणि गेला नसेल तर का गेला नाही, एवढे रकाने ठेवावेत. आणि ती वही माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे आपणहून खुली करून दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. शेततळ्याला खाण समजण्याची चूक गावकरी जागच्या जागी दुरुस्त करतील, बहार कोणता हे सांगतील, आणि त्या दुरुस्त्या यंत्र शिकवणाऱ्यांकडे परत गेल्या तर पुढच्या वर्षीचे इशारे थोडे शहाणे होतील. काटोल तहसिलीत अशी वही उघडण्यास नवा उपग्रह लागत नाही, नवा कायदाही लागत नाही; तहसीलदारांचा एक लेखी हुकूम लागतो, आणि महिनाअखेरीस ‘स्थळपाहणी झाली नाही’ हा शेरा किती वेळा आला ते मोजून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवणारा एक कारकून लागतो.